साडूच्या दुकानातला ड्रोन

सोमेश,

आज आशीर्वाद लिहीत नाही. तुझ्या लेकीला, वर्षाराणीला घेऊन मी सकाळच्या बसने लातूरला निघाले आहे. तू आणलेला ड्रोन दुकानात परत करायला आमच्यासोबत घेतला आहे.

तिने तीन महिने वाचून, चार जाणत्यांना विचारून एक लहानसा ड्रोन निवडला होता. तिने संगणकावर लिहिलेल्या आज्ञांवर तो उडणार होता. तू ते पार्सल दारातूनच परत पाठवलेस आणि साडूच्या लातूरच्या दुकानातून लग्नाचे शूटिंग करणारे हे धूड आणलेस. यात तिचा प्रोग्राम चालतच नाही. सत्तरी ओलांडलेल्या मलाही हे समजले. तू मात्र म्हणालास, ‘तिला काय कळतंय, आई? ह्याचा कॅमेरा लई भारी हाय. आन् दुकान आपल्या माणसाचं हाय.’

ती खोके परत करायचे म्हणताच तू घाईने त्याची पूजा उरकलीस. विभूती कपाळाला लावतात, सोमेश, ड्रोनच्या मोटारीच्या फटीत भरत नाहीत. पूजलेली वस्तू परत करू नये, हे मला शिकवू नकोस. महादेवाला मी उत्तर देईन, तुझ्या साडूलाही देईन.

दहावीनंतर तिला विज्ञान शाखा हवी होती. तू कॉमर्सला घातलेस आणि मी गप्प बसले. तेव्हापासून तिने तुझ्याकडे काही मागितलेले नाही, हे तुझ्या ध्यानात तरी आले का?

तिने तोच ड्रोन पुन्हा मागवला आहे. पार्सल तू स्वतः घे. मग तो कसा चालतो ते तिला विचार आणि ती सांगेल तेवढा वेळ बसून ऐक.

तुझी आई,
शिवकांता