हिरवे ठिपके

३ जून
साहेबांशी आज पुन्हा वाजलं. आमचं पुराच्या सूचनेचं ॲप — फोनवर भोंगा वाजतो आणि 'मी सुरक्षित आहे' हे बटण दाबल्याशिवाय थांबतच नाही. दाबलं की नकाशावर ते घर हिरवं, नाहीतर लाल. बचावाची होडी आधी लाल घरांकडे. मी म्हटलं, लोक फक्त भोंगा बंद करायला बटण दाबतील. "लोकांना एवढं मूर्ख समजू नकोस," म्हणे. मूर्ख कोण, ते ओठांवर आलेलं गिळलं.

९ जून
नदीकाठच्या खालच्या गल्लीत चाचणी. माझी मावशी तिथंच राहते. तिच्या शेजारणीनं भांडी घासता घासता ओल्या बोटानं बटण दाबलं. काय लिहिलंय ते वाचलंत का? "वाचत कशाला बसू? बाळ आत्ता कुठं झोपलं होतं." तीस घरांपैकी सव्वीस अशीच हिरवी झाली. साहेबांनी अहवालात लिहिलं — उत्तम प्रतिसाद! तळपायाची आग मस्तकात गेली.

१२ जून
भोंगा बंद करायला वेगळं बटण द्या, एवढंच मागतेय. दोन दिवसांचं काम. "उद्घाटन होऊ दे, मग बघू." पालथ्या घड्यावर पाणी.

१३ जून
मावशीला म्हटलं, पावसापुरती माझ्याकडे राहायला ये. "तुमची होडी येणार आहे ना? मग घर कशाला सोडू?" आई गेल्यावर हिनंच मला वाढवलं. राग साहेबांचा, निघाला तिच्यावर. नको नको ते बोलले आणि फोन ठेवून दिला.

१९ जून
दुपारी नदी गल्लीत शिरली. ऑफिसातल्या पडद्यावर गल्ली हिरवीगार, मावशीचं घरसुद्धा. साहेब हसून म्हणाले, "बघ, सगळे सुरक्षित." होडीवाल्यांना दहादा फोन केले. "ताई, लाल घरं आधी. वरून तसा हुकूम आहे." संध्याकाळी ते तिथं पोचले. मावशी कपाटावर सापडली. अजून शुद्धीवर नाही.
या माणसाला मी सोडणार नाही. उद्या तक्रार लिहिते, पुराव्यासकट.

२० जून
पुराव्यासाठी नोंदी काढल्या. मावशीचं घर एक बत्तीसला हिरवं झालंय. तिच्याकडे साधा फोन, म्हणून तिचं घर ॲपमध्ये मीच माझ्या नंबरवर टाकलं होतं. एक बत्तीसला मी साहेबांशी त्याच बटणावरून भांडत होते. हातातल्या फोनवर भोंगा वाजला. चाचणीचाच असेल म्हणून न बघता बटण दाबून बंद केला.