सोनीची घुगरी आणि कानाची मशीन

४ डिसें.
यवतमाळहून आणलेली कानाची मशीन बायकोनं, सोनीनं, आज डब्यात टाकली. दवाखान्यात ठणठणीत, आमच्या बंजारा तांड्यावर आली की शिट्या. "माह्या डोक्यात कुकर लावून देला का?" म्हणाली. आता घालणार नाही म्हणे. म्हणजे पुन्हा घरात मी एकट्यानंच बोलायचं...

५ डिसें.
छोट्या पोस्टीच्या ॲपवर विचारलं. चहा निवायच्या आत ढीगभर लाल बदाम. "काका, काळजी घ्या." दिग्रसचा एक जण: "नशीब काढलं काका, आता बोला मनातलं!" हसलो. जीव हलका झाला, पण मशीन डब्यातच. एका पोरीनं लिहिलं, "इथं सगळं वाहून जाते काका. कानाच्या मशीनवाल्यांचा फोरम आहे, तिथं सविस्तर लिहा."
लिहिलं. सविस्तर म्हणजे पार लग्नापासून.

८ डिसें.
इतक्या दिवसांनी फोरमवर नाशिकच्या एका बाईंचं उत्तर. उत्तर कसलं, प्रश्नच. कोणता कान? डोक्यावर काय घेतात? फोटो टाकला. ओढणी, कानावर लोंबणारी चांदीची घुगरी. बाई: "दवाखान्यात हे काढलं होतं का?"
अरे! ओढणी-घुगरी कानावरून मीच उचलून धरून बसलो होतो की, बावळटासारखा. मशीन झाकली गेली की आवाज फिरून आत जातो, म्हणून शिट्टी.

९ डिसें.
सोनीला सांगितलं, म्हणजे ओरडून. एका बाजूची घुगरी काढ. असं पाहिलं माझ्याकडं! आमच्यात नवरा गेल्यावर उतरवतात ती. "तुमी जित्ते हा नं अजून? मंग?"
चूक माझीच. जेवायला वाढलं, पण ताट आपटून.

११ डिसें.
फोरमवर तसंच लिहिलं. कोणी हसलं नाही. एकानं कधीचा जुना धागा शोधून दिला, कोण्या सुनेनं सासूसाठी विचारलेला. दागिना काढू नका, वेणीत मागं गुंफा, ओढणी कानामागून घ्या. आमच्या सुनेनं गुंफून दिली.

१२ डिसें.
शिट्टी नाही!! सोनी अंगणात उभी. "हे काय वाजून राह्यलं?" लिंबावरचे पोपट, म्हटलं. तर म्हणते, "एवढ्या मोठ्यानं कायले बोलता? बहिरी आहो का मी?"
ॲपवर दोनच शब्द टाकले: ऐकू आलं. बदामांचा पाऊस. फोरमवर मात्र सगळं नीट लिहून ठेवलं, फोटोसकट. उद्या कोणी शोधत आलं तर सापडावं.

१४ डिसें.
घाटंजीला बहिणीकडे लग्न आहे. सोनी आरशासमोर. "घुगरी मागं पाहून बाया काय म्हणतीन?"
म्हटलं, "जे म्हणतीन ते आता तुले ऐकू येईन."
खूप हसली. मग घुगरी पुढं ओढली. मग मागं सारली. मग परत पुढं...