नाशपातीचा घेर

व्हिटबी, ५ मार्च १९७३

चि. विल्फ्रेड यास, ॲग्नेसताईचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की पर्सी थ्रॉप नावाचा तो जुन्या वस्तूंचा गुळगुळीत व्यापारी तुला भर बाजारात लबाड म्हणतो, आणि ही बातमी मला तुझ्याकडून नाही, मासळीच्या दुकानात कळते. तू कातलेली नाशपातीच्या आकाराची, कुलपाची लाकडी चहाची डबी त्याने दोनशे वर्षांपूर्वीची म्हणून मिसेस हॅलमना विकली. आतला कथलाचा वर्ख एका कडेने सुटला, तर खालचं लाकूड काल कापल्यासारखं ताजं. आता थ्रॉप म्हणतो की विल्फ एलरशॉने ती मला जुनीच म्हणून दिली, मी बिचारा फसलो. त्याचं ते ‘बिचारा’ मासळीवालीने इतकं छान करून दाखवलं की मी हॅडॉक न घेताच परतले.

शुक्रवारी, २३ तारखेला हॅरोगेटला व्यापाऱ्यांच्या मंडळापुढे सुनावणी आहे म्हणे. तुला दोषी धरलं तर त्या भागात कुणी तुझ्याकडे खुर्चीचा पायसुद्धा दुरुस्तीला टाकणार नाही, आणि मंडळानंतर पोलीस येतील. तळाशी तू आपल्या नावाची अक्षरं कोरतोस ती त्यानेच घासली असणार. तू काय उत्तर दिलंस? उलट टपाली कळव. छातीला फ्लॅनेल बांधतोस ना?

तुझी ताई,
ॲग्नेस


स्किप्टन, ८ मार्च

ती. ॲग्नेसताईस, विल्फचा सा. न.

पत्र पोचलं. वाचताना कागद गरम लागत होता. फ्लॅनेल बांधतो. मांजराने पटाश्यांच्या खणात चार पिल्लं घातली, म्हणून दोन दिवस काम बंद आहे. त्यातलं एक तुझ्यासारखं, सगळ्यांच्या आधी ओरडतं.

थ्रॉपचं काय घेऊन बसलीस? मी अजून काहीच उत्तर दिलेलं नाही. विचारतील तेव्हा बघू. लोक चार महिने बोलतात आणि मग दुसरं काही सापडतं. तू यात पडू नकोस, एवढं ऐक. संधिवाताचं तेल संपलं असेल तर कळव, पाठवतो.

लोभ आहे तसाच राहू दे.

विल्फ


व्हिटबी, १० मार्च

चि. विल्फ्रेड यास, अ. आ.

मांजराला शुभेच्छा. तुला मात्र कान धरून उभं करायला हवं. आमच्या शाळेच्या मदर इग्नेशिया म्हणत की गप्प बसलेला निरपराधी हा अपराध्याचा निम्मा वकील. त्या बाईंशी माझं कधी पटलं नाही, पण हे वाक्य त्यांचं खरं होतं.

तू पडू नकोस म्हणालास, त्याआधीच मी पडले होते. मंडळाच्या अध्यक्षांना सविस्तर लिहिलं आहे. जन्मभर भूमिती शिकवली ती काय पोरींनी केक गोल कापावा म्हणून? मी लिहिलं की लाकूड सगळ्या बाजूंनी सारखं आक्रसत नाही. म्हणून दोनशे वर्षांची खरी नाशपाती गोल राहत नाही, घेर किंचित लांबट होतो. ज्याला खोटं वय दाखवायचं असतं तो ओलं लाकूड कातून ठेवतो. ते सुकताना लांबट होतं आणि तज्ज्ञही फसतात. माझ्या भावाने वडिलांच्या हाताखाली शिकल्यापासून ओल्या लाकडाला पटाशी लावलेली नाही. त्याचं लाकूड माळ्यावर वर्षानुवर्षं वाळतं, त्याची डबी गोलच असणार. तेव्हा सर्वांसमक्ष कॅलिपर लावून दोन बाजूंनी माप घ्या. गोल निघाली तर ती नवी म्हणूनच केलेली होती, आणि जुनी केली ती थ्रॉपच्या जिभेने.

अध्यक्षांचं उत्तर आलं. मुद्दा त्यांना फार पटला, पहिलं काम तेच करणार आहेत. आता तरी ताठ बस.

ॲग्नेस


स्किप्टन, १३ मार्च

ती. ताईस, सा. न.

ते पत्र मागे घे. अध्यक्षांना लिही की म्हाताऱ्या बाईचं काही खरं नसतं, तुझ्या नावावर एवढं एकदा खपवून घे. आणि हॅरोगेटला येऊ नकोस. गाडी बदलावी लागते, फलाटावर वारा असतो, तुझा गुडघा धरेल.

कारण विचारू नकोस. आजवर मी तुझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही.

विल्फ


व्हिटबी, १६ मार्च

विल्फ्रेड,

माझ्या गुडघ्याची काळजी तू मांडलीस तेव्हाच मला शंका आली. काल हॅरोगेटला गेले. डबी मंडळाच्या वकिलाकडे ठेवली आहे. त्याचा कारकून हात लावू देत नव्हता. त्याला मी विचारलं की तुझ्या आईने तुला वडीलधाऱ्यांशी असं बोलायला शिकवलं का, मग दिली.

मी ती बराच वेळ नुसती धरून बसले. झाकण आणि पोट एकाच ठोकळ्यातलं. लाकडाच्या रेषा सांध्यावरून न अडखळता वर जातात. देठ जरासा वाकडा, झाडावर असतो तसा. कुलपाभोवतालची पट्टी नखालाही लागत नाही. किल्ली फिरवली तर आवाज नाही. वडिलांना हे जमलं नसतं.

मग कॅलिपर लावलं. समोरून एक माप, बाजूने दुसरं. अष्टमांश इंचाचा फरक. पुन्हा लावलं, कारण मला माझा हात चुकायला हवा होता. चुकला नव्हता. आणि तळाशी अक्षरं घासल्याची खूण नाही. ती कधी कोरलीच नव्हती.

ओलं लाकूड, विल्फ. तू माळ्यावरचं सोडून ओलं घेतलंस. शुक्रवारी ते हेच माप घेतील, आणि घ्यायला मी सांगितलं आहे. सगळ्या व्हिटबीत तुझ्या बाजूने भांडले आहे, धर्मगुरूंशीसुद्धा. फादरनी फक्त हवा कशी आहे विचारलं होतं.

कारण विचारू नकोस म्हणालास. विचारते आहे.

ॲग्नेस


स्किप्टन, १८ मार्च

ती. ताईस,

थ्रॉपला पहिल्यापासून माहीत होतं. ओलं लाकूड त्यानेच आणून दिलं. पण ती पळवाट होत नाही. मला वाटा नको होता. ठोकळ्याची किंमत आणि मजुरी घेतली, बाकी काही नाही.

आयुष्यभर जिन्याचे खांब आणि टेबलांचे पाय कातले. माझी अक्षरं कोरलेल्या नाशपात्याही केल्या. लोक त्या हातात घेतात, छान आहे म्हणतात आणि त्यात बटणं ठेवतात. ही मात्र थ्रॉपने लिलावाच्या आधी मखमलीवर मांडली होती. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. लंडनचा तज्ज्ञ आला, त्याने ती दोन्ही हातांनी उचलली. तो म्हणाला, “असं काम करणारा आज इंग्लंडात कुणी उरलेला नाही.”

ताई, मी तेवढ्यासाठी केली. घरी चालत आलो, बस सुटली तरी कळलं नाही. मिसेस हॅलमसारखं कुणी घेईल, त्याला आतलं ताजं लाकूड दिसेल, हे मनात आलं नाही असं म्हणणार नाही. आलं होतं.

आता तू म्हणशील तसं.

विल्फ


व्हिटबी, २० मार्च

चि. विल्फ्रेड यास, ॲग्नेसताईचे आशीर्वाद. ते कापता येत नाहीत, नाहीतर या खेपेस कापले असते.

काल अध्यक्षांचा फोन आला. माझी तब्येत बरी नसल्यास मापाचा मुद्दा सोडून देऊ, म्हणाले. कुणी कळवलं ते मला कळलं. माझी तब्येत उत्तम आहे, असं मी सांगितलं.

मूर्ख आहेस. मिसेस हॅलम एकट्या राहतात, त्यांनी ती डबी हौसेने घेतली, आणि आता घरातल्या खऱ्या वस्तूंकडेही त्या संशयाने बघतात. त्यांची माफी तू मंडळामार्फत नाही, तोंडाने मागायची. थ्रॉपबद्दल काय ते नंतर सांग, आधी स्वतःबद्दल.

पण एक गोष्ट मला रात्रंदिवस खाते आहे. तो तज्ज्ञ ते वाक्य बोलला आणि तू भिंतीला टेकून ऐकत राहिलास! मी असते तर तिथल्या तिथे त्याच्या हातातून काढून घेतली असती. शुक्रवारी तोही साक्षीला येणार आहे. कॅलिपर त्यांच्या हाती देऊ नकोस. तू ऊठ, तूच लाव, माप मोठ्याने वाच. लबाडी कुणाची हे ते विचारतील. त्याआधी काम कुणाचं हे तू सांग, त्याच्याकडे बघून, पूर्ण नाव घेऊन. मग ते जी शिक्षा देतील ती घ्यायची. वर्कशॉप बंद पडलं तर इकडे ये, मांजराला घेऊन.

मी पहिल्या रांगेत बसेन. तू गप्प राहिलास तर मी उठेन.

लोभ आहे. राग त्याच्याइतकाच आहे. दोन्ही घेऊन सकाळच्या गाडीने येते.

तुझी ताई,
ॲग्नेस