पहिली घागर

१२ फेब्रुवारी १९३७, शुक्रवार

अर्धी दाढी करून एका सभ्य गृहस्थाला बारवेपर्यंत चालत जावं लागलं, याची भोरच्या इतिहासात नोंद व्हावी म्हणून हे लिहितो. डावा गाल गुळगुळीत, उजव्यावर साबण! आणि हा गृहस्थ कोण? शाळेचा मास्तर आणि पाणीवाटप मंडळीचा चिटणीस! ज्याने गावाला नळ विकले त्याच्याच नळाला थेंब नाही. बारवेचं पाणी टाकीत चढवणारा इंजिनवाला मानसिंग उशिरा उठला म्हणे. टाकी कोरडी.

बारवेच्या पायरीवर रखमाजी. मूळचा पासलीचा. वीस वर्षं आमच्याकडे कावडीने पाणी भरलं – नळ येईपर्यंत. मागच्या दारी आला की हाक नाही, नुसता दोनदा घसा खाकरायचा. बायका पदर सावरायच्या. त्याची एक रीत. सकाळची पहिली घागर भरायची आणि परत बारवेतच ओतायची. "पैली तिची." ती कोण, विचारलं की कानाला हात! याच रीतीवर मी मंडळीचं हस्तपत्रक रंगवलं होतं – "आमचा नळ पहिली घागर कोणालाही देत नाही!" गाव पोट धरून हसलं. चौतीस घरांत नळ गेले. रखमाजीची घरं वीस होती, उरली तीन.

आज तो घागर ओतणार, एवढ्यात मी माझी पुढे केली.

"ही पैली हाय, मास्तर. दुसरी काढतो की."

"पहिली असो नाहीतर शेवटची, माझा साबण वाळतोय!"

त्याने माझ्या घागरीत ओतली. "उसनी घ्या मंग. पन आजच्या आज परत टाका. म्या न्हाई टाकून चालायचं. ज्यानं घेतली त्यानंच."

"टाकीन रे!"

दाढी उत्तम झाली.

१३ फेब्रुवारी

टाकी भरलेली. तरी नळ उघडला तर पाणी नाही – नुसती फुसफुस. मग पाणी.

१६ फेब्रुवारी

रोज तेच. चौतीसही घरांत. मानसिंग म्हणतो, नळीत हवा धरते. शक्य आहे. पण आमची ही आकडे मोजत उभी राहिली. आमची घागर भरायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ फुसफुस. नंतर धो धो! शेजारच्या धोंडाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "वयनी, आमच्या नळात आदी कोनतरी पितंय."

मी हसलो. हसणं हा माझा धंदाच आहे.

दुसरं संकट त्याहून ढळढळीत. पाणी घरात आणलं, ते बाहेर कुठं न्यायचं हे कोणाला सुचलं नव्हतं. आळीत पोटरीएवढा चिखल, डास, घाण. अध्यक्ष खुशीत – आता गटारांची दुसरी मंडळी काढू! आधी पाणी विकायचं, मग तेच पाणी उपसण्याची आशा विकायची. असा धंदा बुडणं कठीण.

२१ फेब्रुवारी, रविवार

अकरा घरांनी नळ काढून न्या म्हणून चिठ्ठ्या पाठवल्या. बैठक. रखमाजी आपणहून आला, उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"मला बारवेवर ठेवा. इंजन चालू व्हायच्या आदी रोजची पैली म्या टाकतो. तीन घरांत भागत न्हाई, मालक. आन् तुमचं नळ बी राहत्याल."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी सगळे माझ्याकडेच पाहतात. मी म्हणालो, "या हुद्द्याचं नाव काय ठेवावं? भुताचा पाणक्या?"

छप्पर उडेल एवढा हशा. अर्ज नामंजूर.

रखमाजी हसला नाही. पायऱ्या उतरताना मला गाठलं. "मास्तर, ती घागर टाकली का?"

"कुठली?" – मी खरंच विसरलो होतो!

तो बारवेच्या दिशेने वळला. मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. म्या बघतो."

२४ फेब्रुवारी

फुसफुस आता घोटाघोटाने येते. मध्येच थांबते. ही नळाचं पाणी पीत नाही.

२५ फेब्रुवारी

फुसफुस नाही! पहिल्या थेंबापासून पाणी. मानसिंग मिशीला पीळ देतोय – "हवा निगाली सायेब!" दोन्ही गाल साबणात असताना मी गाणं म्हटलं.

संध्याकाळी कळलं. रखमाजी कालपासून दिसलेला नाही. कावड बारवेच्या काठावर. एक घागर भरलेली, एक पालथी.

२६ फेब्रुवारी

इंजिन लावून बारव तळापर्यंत उपसली. गाळ. एक फुटकं बोळकं. बस्स. पासलीला काल रात्रीच घोड्यावरून माणूस धाडला होता, तो परत आला – रखमाजी तिथं गेलेला नाही. अध्यक्षांनी ठरवलं, मुंबईला गेला असेल. ठराव बिनविरोध. मीच लिहिला.

२७ फेब्रुवारी

अकराही चिठ्ठ्या परत मागून नेल्या. नवे सात अर्ज. मंडळी तेजीत.

आज पहाटे हिने नळाला हात लावला आणि पटकन डोक्यावर पदर घेतला. घरात आम्ही दोघंच.

"काय झालं?"

"तुम्ही नाही ऐकलं?"

ऐकलं होतं. पाणी येण्याआधी नळाने घसा खाकरला होता. दोनदा.

२८ फेब्रुवारी

पुन्हा. कुंपणापलीकडे धोंडाबाई स्वयंपाकघरात ताठ उभ्या. पदर डोक्यावर.

१ मार्च, सोमवार

इंजिन सुरू व्हायच्या आधी बारवेवर गेलो. कोणाला सांगितलं नाही. विनोद सुचला नाही. त्याच पायरीवर उभं राहून घागर भरली, ओतली. पाणी पडल्याचा आवाज झाला नाही. कोणीतरी अलगद हातात घेतल्यासारखं गेलं.

घरी आलो. ही नळ उघडून उभी होती, डोक्यावरचा पदर खाली घेतलेला. "अहो, आज खाकरला नाही."

मी घागर विसळून दाराशी ठेवली, उद्यासाठी. बैठकीत एका हुद्द्याचं नाव मीच सुचवलं होतं. जागा भरली.