घर सोडणाऱ्यांवरचा प्रबंध

२९ मार्च २०२०, ल्यूकन
दोन किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, असा सरकारी हुकूम. मला तर दोन किलोमीटरच्या आतही कुठे जायचं नव्हतं. ईरा सहा आठवड्यांची. सकाळी तिची तेल-अंघोळ, शेकायला शेगडीऐवजी रेडिएटर, मग सुनेसाठी डिंकाचे लाडू. पहिलं बाळंतपण खरं तर मृणालच्या माहेरचं, पण तिच्या आईचा गुडघा धरलेला, म्हणून मी अमरावतीहून इथे परदेशात आले. तीन महिन्यांसाठी. कॉलेजातून निवृत्त होऊन महिनाही झाला नव्हता.

निखिलने विचारलं, आई, परतीच्या तिकिटाचं काय करू? म्हटलं, तुमच्या सोयीनं बघा. आपल्यात असंच म्हणतात, मग समोरच्याने आग्रह करायचा, नाही, तूच सांग. लेकाने बरं म्हटलं आणि तिकीट रद्द केलं.

१७ मे
देशमुख मॅडमचा अमरावतीहून फोन. माझ्या पीएचडीच्या गाइड. वयाने धाकट्या, पण दरारा आहे. शेवटची मुदतवाढ मिळाली, ३१ जुलै २०२१. पुढे नोंदणी रद्द. प्रबंध स्वतः हजर राहून द्यायचा. चार प्रकरणं झालीत, पाचवं बाकी. हे गेले त्या वर्षी सुरू केलं होतं. आता सोडलं तर...

जेवताना सांगणार होते. तेवढ्यात निखिल म्हणाला, "आई, गुड न्यूज. तुझ्या व्हिसाची मुदत आपोआप वाढली." मृणालने शिरा केला. खाल्ला.

९ जून
गाडीत बसून लिहिते. दार लावता येईल अशी रिकामी खोली घरात एकच, ती निखिलच्या मीटिंगांची. गाडी दारातच उभी असते. शेजारच्या ब्रीडाबाईंनी काचेवर टकटक केली, यू ग्रँड देअर? म्हणजे, ठीक आहात ना? ग्रँड, म्हटलं.

मांडीवर प्रबंधातल्या कादंबऱ्यांची एकोणिसाव्या शतकातली अमेरिका. माणूस उठतो, दार ओढून घेतो, जंगलात नाहीतर समुद्रावर नाहीतर पश्चिमेला जातो. लेखक म्हणतो, हा पाहा अमेरिकन. नवं राष्ट्र, मागचं ओझं नसलेला माणूस. (ते जंगल आधीच कुणाचं तरी होतं, हे प्र. ३ मध्ये.) वर्गात हे शिकवताना माझं मन भरून यायचं. आज वैताग आला. यांना एवढं सहज जाऊ कोण देतं?

२३ ऑक्टोबर
पुन्हा बंद. आता पाच किमी. मृणालची रजा संपली. पाळणाघराचं कुणी नावच काढत नाही. निखिल फोनवर मित्राला सांगत होता, आई आहे म्हणून निभावतंय. कौतुकानेच. मी प्रेसमधून रव्याचा डबा काढत होते. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, माझ्याही तोंडी बसलंय. बरं वाटलं ऐकून. आणि जीव गुदमरला. दोन्ही एकदमच.

१४ जानेवारी २०२१
मॅडमनी प्र. ५ परत पाठवलं. व्हिडिओवर म्हणाल्या, "वानखडे मॅडम, तुमचे सगळे नायक निघून जातात. मागे चूल कोण पेटवतं?" दोन दिवस फणफणत होते. मग बायकांनी लिहिलेल्या त्या काळच्या घरगुती कादंबऱ्या काढल्या. लोक आवडीने वाचायचे त्या. पुढे राष्ट्राचं साहित्य कोणतं ते ठरवायला विद्वान बसले, तेव्हा या बहुतेक बाहेर राहिल्या. घर सोडलं तर राष्ट्र, घर चालवलं तर नुसतं घर. प्रकरण मुळापासून लिहायचं. ईराला दात येताहेत, रात्रभर कडेवर.

५ मे
प्र. ५ मॅडमना पसंत. म्हणाल्या, आता या.

अमरावतीच्या बातम्या वाईट. आमच्या कॉलनीतली दोन माणसं गेली. निखिल म्हणतो, आत्ता गेलीस तर परत येता येणार नाही, आणि तिथे एकटी काय करणार? त्याची भीती खरी आहे. पण एकटी काय करणार याचं उत्तर आता टाइप होऊन तयार होतं.

२७ जून
मृणालने बाटल्या धुता धुता विचारलं, काय लिहिता एवढं? थोडक्यात सांगितलं, ३१ जुलैसकट.

"मग मागे राहिलेल्या बायकांचं काय होतं, आई?"

"काही नाही. कादंबरी त्यांच्याकडे परत जातच नाही."

ती धुतलेलीच बाटली पुन्हा घासत राहिली. मग म्हणाली, निखिलला तारीख सांगितलीत का? मुलाला वेगळं काय सांगायचं, म्हटलं. कळत असेलच.

६ जुलै
लसीचे दोन्ही डोस झाले. विमानं आहेत. आज आडवळण न घेता सांगितलं, "मला या महिन्यात अमरावतीला जायचंय."

निखिल ईराला वरणभात भरवत होता. "कशाला?"

"प्रबंध द्यायला."

चमचा तसाच धरून म्हणाला, "ते अजून चालू आहे?"

राग आला. त्याहून जास्त रडू आलं. दोन्ही गिळून म्हटलं, वीस तारखेच्या आतलं तिकीट बघ. मृणाल उठली, तिने ईराला त्याच्या मांडीवरून घेतलं आणि त्याला म्हटलं, "बघ तिकीट."