तीन बुट्ट्या डोक्यावर

जुनी हुबळी,
बुधवार, दुपार

प्रिय योगी,

हे पत्र तुमच्या अळणावरला येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे, हणमंतकडे देतेय. हातात पडलं की गॅस बंद कर आणि आधी वाच. फोनवर हे सांगायला माझी जीभ रेटत नाही. उद्या गुरुवार. उद्या घराबाहेर पाऊल टाकू नकोस, माळ्यावर चढू नकोस, विहिरीकडे तर मुळीच जाऊ नकोस. अक्काला वेड लागलं म्हण हवं तर, पण एवढं ऐक.

काल सकाळी तू हसत हसत स्वप्न सांगितलंस ना? डोक्यावर एकावर एक तीन बुट्ट्या, वरच्या बुट्टीत कडक भाकऱ्या, पाखरं टोचून टोचून खातायत आणि तुझे हात काही केल्या वर जात नाहीत. वर म्हणालीस, भाकऱ्या थापायच्या अक्कानं अन् ओझं माझ्या डोक्यावर, हा कुठला न्याय! तेवढ्यात फोन कटला. बॅटरी संपली नव्हती गं, मीच कापला. कारण तेच स्वप्न, अगदी शेवटच्या पाखरापर्यंत, मी आदल्या दिवशी माझ्या तोंडानं सांगून बसले होते.

कुणाला, तेही सांगते. केलगेरीच्या सलोमीबाई, शाळेतून रिटायर झालेल्या, दर सोमवारी माझ्याकडून भाकऱ्या नेतात. ख्रिस्ती बाई, पिशवीत बायबल असतंच. कुणी स्वप्न सांगितलं की त्यातून अर्थ काढून देतात. मागच्या महिन्यात माझ्याबरोबर भाकऱ्या थापणाऱ्या भाग्यलक्ष्मीनं त्यांना वेलाला तीन घड लागल्याचं स्वप्न सांगितलं. बाई म्हणाल्या, तीन दिवसांत तुझं माणूस घरी येईल. तिसऱ्या दिवशी तिचा रुसून गेलेला नवरा दारात हजर! झालं, मलाही मोह झाला. या सोमवारी म्हटलं, बाई, आणखी एक स्वप्न आहे, त्याचाही अर्थ सांगा.

मी सांगत गेले तशा बाई पिठाच्या डब्यावर मटकन बसल्या. मग पुस्तक काढून वाचायला लागल्या. मिसर देशाच्या तुरुंगात राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला मद्याचा प्याला देणारा, आणि राजाचा आचारी. प्यालेबरदाराच्या स्वप्नात द्राक्षवेलाला तीन फांद्या, त्याचा अर्थ त्याच तुरुंगातल्या योसेफ नावाच्या कैद्यानं चांगला सांगितला. ते बघून आचाऱ्यालाही हुरूप आला आणि त्यानं आपलं सांगितलं. डोक्यावर तीन टोपल्या, वरच्या टोपलीतलं पाखरं खातायत. अय्यो, योगी, तेच स्वप्न, जसंच्या तसं! मी जन्मात ते पुस्तक उघडलेलं नाही. तीन टोपल्या म्हणजे तीन दिवस, असं म्हणून बाईंनी पुस्तक मिटलं. मी हट्टच धरला तेव्हा पुढचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी राजानं आचाऱ्याला फाशी दिलं.

आज सकाळी पहिल्या बसनं केलगेरीला धावले. पाया पडले, म्हटलं अर्थ मागं घ्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, अर्थ माझा नव्हे, देवाचा. ज्याच्या नावानं तू विचारलंस, त्याच्याकडे तो गेला.

स्वप्न माझं होतं, योगी. ओळीनं आठ दिवस पडत होतं. आई म्हणायची ना, वाईट स्वप्न आपलं म्हणून सांगू नये, दुसऱ्याच्या नावावर घालावं, म्हणजे बाधत नाही. बाईंनी विचारलं, कुणाला पडलं? शेजारणीला म्हणता आलं असतं, मेलेल्या कुणाचंही नाव घेता आलं असतं. मी तुझं घेतलं. आणि ते चुकून आलं नाही. तुझा भरला संसार माझ्या डोळ्यांत खुपतो, इतकी वर्षं खुपतो. सोमवारपासून मला ते स्वप्न नाही, मेल्यासारखी गाढ झोप लागते, आणि त्या झोपेची मला लाज वाटते. म्हणून हे पत्र. वाचून झालं की उंबऱ्यात उभी राहा, हुबळीकडे तोंड कर आणि मोठ्यानं म्हण, अक्का, तुझं स्वप्न तू घे. मला क्षमा नंतर कर, नाहीतर करूच नकोस, पण हे आजच म्हण. माझी कीव येऊन गप्प बसलीस, तर तुला माझी शपथ आहे. मी इथं दार उघडं टाकून बसलेय.

तुझीच, तुझं नाव घेतलेली,
संगीताअक्का