एकवीस थेंब

प्रिय आई,

‘प्रिय’ लिहिताना पेन अडलं, तरी लिहिलं. आज सकाळी हॉस्पिटलच्या ऑफिसात, सगळ्यांसमोर, मी तुला खोटारडी ठरवलं. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून लिहितेय. दुसरं कोण सांगणार म्हणा! तुझा लाडकाच सांगेल, तुझ्या फोटोसमोर उभा राहून, डोळे पुसत. फोटोसमोर रडायला दादाला फार छान जमतं.

फेसबुकवर त्याने तुला वाहिलेली श्रद्धांजली वाचायला हवी होतीस. ‘माउली, एका नर्सच्या बेपर्वाईने तुला आमच्यापासून हिरावून नेलं.’ खाली वॉर्डातला सेल्फी. तुझ्या हाताला सलाईन लावलेलं, त्याचा गॉगल डोक्यावर. आजारी आईबरोबर फोटो काढायला गॉगल लागतो, हे मला माहीत नव्हतं. शे-दोनशे लोकांनी खाली हात जोडलेत. मुंबईहून येऊन तुझ्या उशाशी जेमतेम एक दुपार बसला, आणि आता जन्माचा श्रावणबाळ!

तेवढ्यावर थांबला असता तर मीही गप्प बसले असते. पण साहेबांनी लेखी तक्रार केली. नसरीनच्या नावाने. तीच गं, खाडीपलीकडून पहिल्या एसटीने यायची ती. तुझ्या शिरा सापडायच्या नाहीत म्हणून आधी तुझा हात आपल्या दोन्ही हातांत धरून गरम करायची. तिला तू ‘माझी नात’ म्हणायचीस. त्या नातीला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं होतं.

तुला माझं काम कधी समजून घ्यावंसं वाटलं नाही. पाहुण्यांना तू सांगायचीस, “आमची वंदना रत्नागिरीत ऑफिसात असते.” माझं ऑफिस! वीस वर्षं नर्स म्हणून लोकांची बेडपॅन उचलली त्या ऑफिसात. मग आज ऐकच, ऑफिसातली मुलगी काय करते ते.

तू उलट्या-जुलाबांनी सुकून गेली होतीस, म्हणून पाणी द्यायलाच हवं होतं. पण तुझं हृदय दमलेलं. एकदम पाणी आलं की त्याला ते ढकलता येत नाही आणि ते फुफ्फुसांत साचतं. म्हणून डॉक्टरांनी पाचशे मिलीची बाटली आठ तासांत सोडायला सांगितली. सलाईनच्या त्या नळीतून पडणाऱ्या वीस थेंबांचा एक मिली होतो. म्हणजे बाटलीत दहा हजार थेंब. आठ तासांची मिनिटं चारशे ऐंशी. भागलं की मिनिटाला जवळपास एकवीस थेंब येतात. बस्स, चौथीतल्या पोराला जमेल असा भागाकार. तो करून नसरीन मनगटावरच्या घड्याळाकडे बघत तुझ्या बाटलीखाली उभी राहिली, नळीवरचं चाक जरा खाली-वर करत, एकवीस पडेपर्यंत. मग दादाला म्हणाली, “या चाकाला हात नका लावू हां. हळूच जायला पाहिजे.” मीही बजावलं, आणि आंघोळ करून तुझ्यासाठी पेज आणायला घरी गेले.

माझी चूक एवढीच, की एका पन्नाशीच्या माणसाला खुर्चीत गप्प बसता येईल असं मला वाटलं.

खाली गाडीत त्याचे मुंबईचे मित्र थांबले होते. आरे-वारेला जायचं होतं त्यांना, समुद्र बघत सुरमई खायला. आणि हा वर अडकलेला, आईपाशी! बाटली संपली की सुटका, एवढंच त्याच्या डोक्यात. त्याने चाक पूर्ण उघडलं. बाटली रिकामी झाल्यावर तुझ्या डोक्यावरून हात फिरवून निघूनही गेला.

मी पेजेचा डबा घेऊन आले तेव्हा तू उठून बसली होतीस. ओठ निळे, छातीत घरघर. बोलायला श्वास नव्हता. नसरीन ऑक्सिजनचा मास्क धरून तुझ्या पाठीमागे उभी होती, डॉक्टर धावत येत होते. दादाला फोन लावला तर मागे लाटांचा आवाज. म्हणाला, “अगं, मी निघालो तेव्हा एकदम फ्रेश होती!”

शेजारच्या खाटेवरच्या पावसकर काकूंनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी मला त्याच संध्याकाळी सांगितलं. तरी मी थांबले. म्हटलं, तू बरी हो, तूच सांगशील.

आयसीयूत तुझा श्वास जरा बसल्यावर मॅट्रन विचारायला आल्या, “आजी, सलाईन कुणी वाढवलं?” आणि तू म्हणालीस, “त्या पोरीनं सोडलान जोरात.” घसा कोरडा होता तुझा, पण शब्द किती स्वच्छ आले!

त्या गेल्यावर मी विचारलं, “आई, खरं सांग.” तू भिंतीकडे तोंड केलंस.

“दादाला कशाला मध्ये आणतेस गो? त्याचं नाव खराब व्हायला नको. ती पोर तरणी आहे. तिला दुसरी नोकरी मिळेल.”

आई, हे वाक्य मी किती वेळा मनात घोळवलंय. तुझ्या आजारपणाला मी क्षमा करीन, हट्टाला करीन, जन्मभर दादाच्या ताटात मोठा तुकडा वाढलास त्यालाही करीन. पण दुसऱ्याच्या लेकीची नोकरी इतक्या सहज उचलून द्यायची? जणू वाटीभर साखरच शेजारणीला दिली! आणि कोणासाठी? सुरमईसाठी घाई झालेल्या माणसासाठी!

त्यानंतर तू फार दिवस काढले नाहीस. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलेलं होतं, सगळा दोष त्या बाटलीचा म्हणता येणार नाही. मीही म्हणत नाही. दादा मात्र म्हणतो. फक्त चाक दुसऱ्याच्या हातात देतो.

आज चौकशीला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. आवाज भरून आणून म्हणाला, “आईने स्वतः सांगितलंय. मरणाच्या दारात माणूस खोटं बोलतं का?”

मी म्हटलं, “बोलतं. माझी आई बोलली. याच्यासाठी बोलली.”

नसरीन खाली बघत होती. मग पावसकर काकू उठल्या. बिचाऱ्या स्वतः नुकत्या बऱ्या झालेल्या, रिक्षा करून आल्या होत्या.

“मी बघत होते. ह्यानं चाक फिरवलान नि म्हणालान, आता झटक्यात संपेल. मी म्हटलं, अरे नको रे बाबा. तर मला सांगतो कसा, काकू, माझी बहीण नर्स आहे, मला समजतं यातलं!”

ऐकलंस? चारचौघांत ज्या बहिणीची ओळख द्यायला लाज वाटायची, ती त्याला तेवढ्यापुरती उपयोगी पडली!

डॉक्टरांनी सरळ विचारलं, “तुम्ही चाकाला हात लावलात का?”

“थोडंसंच,” दादा म्हणाला. “आईला लवकर ताकद यावी म्हणून.”

थोडंसंच! अख्खी बाटली तासाच्या आत तुझ्या अंगात उतरली, आणि म्हणे थोडंसंच. मला हसू आलं गं. खरंच हसले मी, त्या खोलीत.

नसरीनवरचा ठपका काढला. उद्यापासून ती कामावर येईल. बाहेर आल्यावर दादा मला म्हणाला, “आजपासून मला बहीण नाही.” मी म्हटलं, “बरं.” त्याला बहुतेक मी रडावं असं वाटत होतं. मग गाडीची किल्ली फिरवत निघून गेला.

जिन्यापाशी नसरीन उभी होती. आनंदाने उड्या मारील असं वाटलं होतं मला. तिने एवढंच विचारलं, “ताई, आजी मला नात म्हणायच्या. मग माझं नाव का घेतलं?”

तोंडाशी नेहमीच्या सबबी आल्या, त्या मी गिळल्या. म्हातारी होती, तापात होती, तिला कळत नव्हतं. पण तुला सगळं कळत होतं, आई. शेवटपर्यंत.

म्हणून तुला वचन देते, आणि ते तुला आवडणार नाही. रविवारी मी खाडीपलीकडे नसरीनच्या घरी जाणार आहे. तिच्या आईसमोर बसून सांगणार आहे, की माझ्या आईला तुमची मुलगी खरंच आवडायची, आणि तरीही स्वतःच्या मुलाला वाचवायला तिने तिचं नाव पुढे केलं. यातलं एकही अक्षर मी गाळणार नाही, मऊ करणार नाही. त्यांनी मला दारातून परत पाठवलं तरी चालेल.

तुझी,
वंदना